गुरुवारी संपणाऱ्या गोळ्या

१

‘यास्नाताई लिथियम घेते, हे कोणाला माहीत होतं का? डोकं ठिकाणावर ठेवायची गोळी असते ती. येत्या गुरुवारी तिच्या गोळ्या संपताहेत. पुढे काय, देव जाणे. आपली पोरं दिवसभर तिच्या हातात असतात.’

सोमवारी सकाळी रेनातोने आपला फोन माझ्या टेबलावर ठेवला, तेव्हा हा निरोप सहा दिवस जुना झाला होता. आमच्या पुएर्तो मोंत शहराच्या मिरासोल भागातल्या एका बालवाडीच्या पालकांच्या ग्रुपवर तो मंगळवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी पडला होता, ओळख न पटणाऱ्या एका फोन-नंबरावरून. बुधवारी बालवाडीने यास्ना बारियाला घरी बसवलं. शुक्रवारी तिच्या वकिलाचं पत्र आमच्या कंपनीत आलं. गोळ्या ती आमच्या दुकानातून घेत होती. तिच्या म्हणण्याप्रमाणे ही गोष्ट तिचा डॉक्टर आणि आमचं दुकान सोडून कोणालाही ठाऊक नव्हती.

देशाच्या दक्षिणेत आमची औषधांची एकतीस दुकानं आहेत. मी ग्राहक-माहिती विभागाची प्रमुख. कोण काय घेतं, कधी घेतं, कधी घ्यायचं थांबवतं, हे आकड्यांवरून ओळखणं माझं काम. कोणती नोंद कोणी उघडली, याची यादीही माझ्याच विभागात असते.

“यादी तुला विचारल्याशिवाय काढली,” रेनातो म्हणाला. तो व्यापार विभागाचा संचालक, म्हणजे माझा साहेब. “तू शनिवारी फोन उचलत नाहीस.”

“शनिवारी मी पोहते.”

“पोह. हे बघ. आठवड्याभरात यास्नाची नोंद चौदा वेळा उघडली. त्यातल्या अकरा वेळा एकाच बाईने. ग्लाडीस मान्सिया, मिरासोलचं काउंटर, सकाळची पाळी. शेवटची वेळ मंगळवारी अकरा बेचाळीस. अठ्ठावीस मिनिटांनी निरोप.”

ग्लाडीसला मी ओळखत होते. एकोणीस वर्षं त्या काउंटरवर. अठ्ठावन्न वय.

“तिला विचारलंस?”

“आपले वकील विचारतील. बुधवारी बाराला तिचं बडतर्फीचं पत्र निघेल. माहिती तिच्याकडून फुटली, असं तुझ्या सहीचं एक पान सोबत हवं.” त्याने फोन उचलला. “एका बाईची नोंद कोणी अकरा वेळा कशाला उघडेल, ओदेत? तूच सांग.”



२

माझ्या विभागात ती माहिती पाहू शकणारा दुसरा माणूस एलिसेओ. हुशार, तोंडाळ, आणि नोकरी बदलण्याच्या तयारीत असलेला. मार्च महिन्यात एका औषध कंपनीसाठी त्याने लिथियम घेणाऱ्यांची यादी काढली होती.

“आलीस का मला पकडायला, बॉस?” मी दारात दिसताच तो म्हणाला. “हातकड्या आणल्यास की नुसताच चहा?”

“यादी दाखव.”

त्याने दाखवली. यादीत नावं नव्हती, गाव नव्हतं. वय, दुकानाचा विभाग आणि वर्षाची खरेदी, एवढंच. ती पाठवल्याचं पत्र आणि माझी परवानगी, दोन्ही जागेवर होती.

“आणि मला त्या बाईचं वाकडं करून काय मिळणार?” तो म्हणाला. “मला मूल नाही, बाळ नाही, ग्रुप नाही. माझी आईसुद्धा मला ग्रुपमध्ये घेत नाही.”

“तिची नोंद तू पाहिलीस?”

“आज सकाळी. सगळ्या ऑफिसने पाहिली असती, तू कुलूप घातलं नसतंस तर. बाई भारी आहे हं. खरेदीवरून घर ओळखणाऱ्या आपल्या गणिताप्रमाणे तिच्या घरात तीन तान्ही बाळं, दोन दाढी करणारे पुरुष आणि एक कवळीवाले आजोबा राहतात.”

“वकिलाच्या पत्रात ती एकटी राहते असं लिहिलंय.”

“मग गणित चुकलं. पहिल्यांदा का चुकतंय?”

तीस हजार घरांपैकी काही घरं चुकणारच, म्हणून मी ते तिथेच सोडलं. ही माझी चूक. एखादा आकडा सगळ्यांपासून फटकून उभा राहिला तर आधी त्याच्याकडे जावं, हे मी विद्यापीठात तीन वर्षं शिकवलं होतं.

माझं लक्ष निरोपातल्या एकाच शब्दावर होतं. गुरुवार.

“एलिसेओ, तुझ्या यादीत गोळ्या कधी संपतात ते आहे?”

“नाही.”

“काउंटरवर नोंद उघडली की दिसतं?”

“तिथे मागची खरेदी दिसते. संपण्याचा दिवस…” तो थांबला. मग प्रथमच न हसता म्हणाला, “तो दिवस फक्त आपलं यंत्र काढतं, बॉस. तू बनवलेलं.”

३

मंगळवारी सकाळी मी मिरासोलच्या दुकानात गेले. पाऊस आडवा पडत होता आणि आत ओल्या लोकरीचा वास होता. ग्लाडीसला पत्राची कुणकुण लागलेली होती. तिने काउंटर सोडलं नाही. उभ्याउभ्याच बोलली.

“मी कोणाची नोंद उघडलेली नाही, ओदेतबाई.”

“अकरा वेळा उघडल्याचं दिसतंय.”

“गिऱ्हाईक येतं, रुत सांगतं, मी टाकते. सवलत लागते, पॉइंट चढतात, गिऱ्हाईक जातं. दिवसाला दोनशे जणं. त्यात मी कोणाची गोळी वाचत बसू? माझा चष्मा तर बघा.”

रुत म्हणजे इथे जन्मल्याबरोबर मिळणारा नंबर. पाव घ्या नाहीतर पट्टी घ्या, काउंटरवरची बाई आधी तो विचारते आणि माणसं तो दहा लोकांसमोर मोठ्याने सांगतात. कोणाला त्यात काही वाटत नाही.

“यास्ना बारियाला ओळखता?”

“महिन्यातून एकदा येते. मागे, डॉन फेर्मिनकडे. नमस्कार करते. बस.”

“मागच्या मंगळवारी अकरा बेचाळीसला आली होती?”

“मंगळवारी?” तिने डोळे मिटून आठवलं. “नाही. त्या मंगळवारी मी तिला पाहिलंच नाही.”

हे उत्तर तिच्या विरोधात जाणारं होतं. ते तिलाही कळलं. ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. “रुत सांगा, राजा,” ती म्हणाली.

फेर्मिन दुकानाचे औषधतज्ज्ञ; ‘डॉन’ हे इथे वडीलधाऱ्यांच्या नावाआधी आदराने लावतात. त्यांची नात त्याच बालवाडीत होती. म्हणून ते माझ्या संशयितांच्या यादीत तिसरे.

“ये पोरी, बैस. संशय घ्यायला आलीस ना? घे. या वयात माझ्यावर संशय तरी कोण घेतं!”

“निरोप वाचलात?”

“सुनेने दाखवला. या भागातल्या अर्ध्या लोकांचे रोग मला पाठ आहेत. पाद्रीबाबाला कसली मलमं लागतात ते सांगू? नाही सांगत. तेवीस वर्षं नाही सांगितलं.” त्यांनी चष्मा पुसला. “आणि तो निरोप लिहिणारा माणूस अडाणी आहे. गोळ्या गुरुवारी संपतच नव्हत्या.”

“म्हणजे?”

“मागच्या खेपेला तिच्या डॉक्टरांनी दहा गोळ्यांची पट्टी तिच्या हातात दिली होती. तिनेच मला सांगितलं, ‘डॉन फेर्मिन, या वेळी मी उशिरा येईन.’ माझ्याकडून फुटलं असतं तर निदान तारीख तरी बरोबर फुटली असती.”

मी ते वहीत लिहिलं. यास्नाला, तिच्या डॉक्टरला आणि डॉन फेर्मिनना खरी तारीख माहीत होती. निरोप लिहिणाऱ्याला चुकीची माहीत होती. आणि ती चुकीची तारीख, शेवटची खरेदी अधिक अठ्ठावीस दिवस, जगात एकच जण काढत होता.

माझं यंत्र. पण यंत्राला तोंड नव्हतं.

४

यास्ना बारिया टेकडीवरच्या लाकडी घरात राहत होती. तिने मला आत घेतलं याचंच मला नवल वाटलं. चुलीवर किटली होती, टेबलावर पाव आणि कुस्करलेला अ‍ॅव्होकाडो. खुर्चीवर एक जाडजूड मांजर.

“हा मंत्री,” ती म्हणाली. “काही करत नाही आणि उठत नाही. तुम्ही तिकडे बसा.”

चौतीस वर्षांची, बारीक, नखं अगदी कापलेली. बोलताना ती खाली वाकायची, जणू समोर लहान मूल आहे.

“नऊ वर्षं मी गोळी घेते,” ती म्हणाली. “नऊ वर्षांत आजारपणाची एक रजा नाही. आता बालवाडीची संचालिका म्हणते, ‘यास्ना, तुझ्याबद्दल कोणाचं काही म्हणणं नाही गं, पण आया घाबरल्यात.’ म्हणणं नाही, आणि घरी बस.” तिने चहा ओतला. “तुम्ही कोण? पोलीस नाही ना?”

“मी औषधांच्या कंपनीत आहे. नोंदी पाहते.”

“मग तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.”

मी मागच्या मंगळवारचं विचारलं. अकरा बेचाळीसला ती वर्गात होती, बावीस मुलांना हात धुवायला लावत. अकरा खेपांपैकी एकाही खेपेला ती दुकानात नव्हती. मग मी तिच्या नोंदीवरची खरेदी वाचून दाखवली. खरं तर ते मी सोमवारीच करायला हवं होतं. तीन आकारांचे डायपर. तापाचे थेंब. दाढीची पाती. कवळीचा गोंद. केसांचा काळा रंग.

ती हसायला लागली. हसता हसता तिने तोंडावर हात ठेवला.

“हे माझं घर नाही हो. हा माझा वर्ग आहे!”

“म्हणजे?”

“मागच्या वर्षी रंग आणि ओले रुमाल आणायला बालवाडीकडे काही नव्हतं. तर आयांनी ठरवलं, दुकानात प्रत्येकीने आपल्याऐवजी ताईचा रुत सांगायचा. पॉइंट साठतात, त्यात रुमालाची पाकिटं मिळतात. माझा रुत वर्गाच्या दाराशी लावलाय, मुलांच्या कोटांच्या खुंट्यांच्या वर, मोठ्या अक्षरात. सगळ्यांना पाठ झालाय. कवळीचा गोंद सोफियाच्या आजोबांचा.”

पॉइंट दुसऱ्याच्या नावावर चढवणं आमच्याकडे नवं नाही. मुलगा आईचा नंबर सांगतो, शेजारीण शेजारणीचा. ही इथली भलेपणाची रीत आहे. मला ती माहीत होती. मी स्वतः आईचा नंबर सांगते. आणि तरी माझं सगळं काम एका गृहीतावर उभं होतं. एक नंबर म्हणजे एक माणूस.

“त्या मंगळवारी अकरा बेचाळीसला,” मी कागद पाहत म्हटलं, “गाईचं दूध न चालणाऱ्या बाळासाठीच्या दुधाचा डबा घेतलाय.”

यास्नाने कप खाली ठेवला.

“असं बाळ एकच आहे,” ती हळू म्हणाली. “इयानचा धाकटा भाऊ. म्हणजे इयानची आई. गेल्या महिन्यात तिने मला लोकरीचे मोजे विणून दिले.” तिने कप पुन्हा उचलला. “पण तिला कसं कळलं? ती फक्त डबा घेऊन गेली.”

डब्याबरोबर ती आणखी एक गोष्ट घेऊन गेली होती. पावती.

मला पावतीच्या तळाशी काय छापलं जातं ते ठाऊक होतं. ती ओळ मीच लिहिली होती.

५

ऑफिसात येऊन मी त्या मंगळवारच्या पावतीची प्रत काढली. दुधाच्या डब्याखाली, पॉइंटांखाली, चौकटीत छापलं होतं: ‘प्रिय यास्ना बारिया, तुमच्या लिथियम कार्बोनेटच्या गोळ्या गुरुवारी संपतील. विसरू नका. आम्ही तुमची काळजी घेतो.’

वर्षभर ही आठवण फक्त रक्तदाबाच्या औषधांसाठी होती. गोळ्या चुकवणारी म्हातारी माणसं तिच्यामुळे वेळेवर यायला लागली. त्यासाठी कंपनीने मला एक काचेचा मासा बक्षीस दिला. औषधाचं नाव छापावं असा हट्ट माझाच होता. नुसतं ‘तुमचं औषध’ म्हटलं तर ज्यांना चार औषधं आहेत त्यांनी काय समजायचं? या महिन्यापासून आम्ही ती आठवण सगळ्या कायमच्या औषधांना लावली. गोळ्या संपायच्या आधीचे सात दिवस, तो रुत सांगितला की ती छापली जाते. समोर कोण उभं आहे, हे यंत्र विचारत नाही.

त्या आठवड्यात यास्नाचं लिथियम चौदा पावत्यांवर छापलं गेलं. चौदा माणसं ते घेऊन घरी गेली. बहुतेकांनी वाचलं नसेल. एकीने वाचलं.

बुधवारी अकरा वाजता मी रेनातो आणि कंपनीच्या वकिलासमोर सहा पानं ठेवली आणि क्रमाने सांगितलं. नोंद उघडली गेली कारण विक्री झाली, चौदापैकी चौदा वेळा. ग्लाडीसच्या नावावर अकरा कारण मुलांना सोडून आया सकाळी दुकानात येतात आणि सकाळी काउंटरला ती असते. निरोपातली तारीख चुकीची आहे. माणसाकडून फुटली असती तर ती बरोबर असती, यंत्राकडून फुटली म्हणून चुकली. एलिसेओच्या यादीत नाव नाही, डॉन फेर्मिनना खरी तारीख माहीत होती, ग्लाडीसला कोणतीच माहीत नव्हती. चोरी झालेलीच नाही.

रेनातो लक्ष देऊन ऐकत होता. तो मूर्ख नाही.

“असे किती नंबर?” त्याने विचारलं.

“एकाहून जास्त घरं वापरत असावीत असे साधारण चार हजार. या महिन्यात त्यांच्यावर नऊशे आठवणी छापल्या गेल्या. भलत्याच हातात किती पडल्या ते मला काढता येत नाही.”

“यंत्र बंद कर.”

“सकाळीच केलं.”

“बरं केलंस. दुरुस्तीसाठी बंद, असं सांगू.” त्याने वकिलाकडे पाहिलं. वकील माझं तिसरं पान वाचत होती. तिने त्यावर पेन्सिलीने एक रेघ ओढली.

“म्हणजे या बाईने,” वकील म्हणाली, “ग्राहक समोर नसताना त्याचा रुत अकरा वेळा टाकला. हे सिद्ध होतं ना, तुमच्या या पानावरून?”

“सगळेच टाकतात. एकतीस दुकानांत.”

“काउंटरची नियमावली, कलम चौदा. ओळखपत्र पाहूनच रुत टाकावा. तिची सही आहे.”

“ओळखपत्र कोणीच पाहत नाही! रांग दारापर्यंत जाईल. रेनातो, तू स्वतः कधी दाखवलंस?”

“ओदेत,” तो म्हणाला. त्याचा आवाज मऊ होता आणि त्याचीच मला भीती वाटली. “यास्नाच्या वकिलाच्या पत्राला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. कर्मचाऱ्याने नियम मोडला, आम्ही कारवाई केली. नाहीतर दुसरं उत्तर काय? नऊशे लोकांना पत्रं पाठवू?”

“हो.”

“आणि सोमवारी एकतीस दुकानं कोण उघडेल?”

“मग मी सही करत नाही.”

“तुमचं बरोबर आहे,” वकील सहा पानं नीट लावत म्हणाली. “आता वेगळ्या सहीची गरज नाही. अहवालावर तुमची आहेच.”

बारा वाजता ग्लाडीसचं पत्र निघालं.

६

त्या दुपारी मी यास्नाला फोन केला आणि सगळं सांगितलं. 

“म्हणजे दुकानातल्या कोणी चुगली केली नाही,” ती शेवटी म्हणाली.

“तसं कोणी नाही.”

“संचालिकेला सांगितलं तर ती मला परत घेईल?”

“तिला कसं कळलं हा प्रश्नच नाहीये ना,” मी म्हटलं. “कळलंय, एवढंच तिला दिसतं.”

“हो. सकाळी दाराशी लावलेला माझा रुत काढून टाकला म्हणे. खुंट्या तशाच आहेत.” मग ती म्हणाली, “इयानच्या आईचं नाव कुठे लिहू नका. घाबरली असेल ती. ती वाईट नाही.”

मी लिहिलं नव्हतं. तेवढं एक मला करता आलं.

शुक्रवारी सकाळी ग्लाडीस कामगार निरीक्षकांच्या कचेरीत तक्रार द्यायला जाणार होती. मी अहवालाची प्रत घेऊन तिथे गेले. कंपनीचा कागद बाहेर नेल्याबद्दल माझ्यावर कोणतं कलम लागतं ते मला माहीत होतं. ती भिंतीशी उभी होती, काउंटरवरचा निळा कोट काढलेला, त्यामुळे लहान दिसत होती.

“यात सगळं आहे,” मी म्हटलं. “तुम्ही काही फोडलं नाहीत हे यात आकड्यांनी दाखवलंय.”

तिने चष्मा बदलला आणि सहाही पानं वाचली. उभ्याने, सावकाश, बोट फिरवत. मागे कोणाचं तरी बाळ रडत होतं. शेवटचं पान झाल्यावर ती पुन्हा पहिल्या पानावर गेली.

“ओदेतबाई, यात माझं नाव पानोपानी आहे,” ती म्हणाली. “ग्लाडीस मान्सियाने टाकला, ग्लाडीस मान्सियाने टाकला. आणि पावतीवरची ती ओळ? ‘यंत्राने छापली.’ ‘प्रणालीने छापली.’ यंत्राला कोणी सांगितलं, ते कुठेय?”

मी तिच्या हातून शेवटचं पान घेतलं. भिंतीला टेकवून, सहीच्या वर, हाताने लिहिलं: ‘औषधाचं नाव छापण्याचा नियम मी केला. मोडता यावा असा एकही अडसर त्यात ठेवला नाही.’ दुसरं वाक्य नीट जमलं नाही. ते खोडून पुन्हा लिहिलं: ‘पावती कोणाच्या हातात पडेल याचा मी विचार केला नाही.’ खाली नाव आणि रुत.

तिने वाचलं. “याने माझी नोकरी परत मिळेल?”

“मला नाही वाटत.”

“मलाही नाही,” ती म्हणाली आणि पानं क्रमाने लावली. तिच्या हातातल्या रांगेच्या चिठोरीवर सत्तेचाळीस होतं. भिंतीवरच्या पाटीवर बारा लागलं होतं. खुर्ची रिकामी झाली तेव्हा तिने एका गरोदर बाईला ती दिली, आणि आम्ही दोघी उभ्या राहिलो.